गणपतीपुळ्याहून मालवणला जायचंय? आधी दोन्ही टोकं बघा

माझं सासर मालगुंड, गणपतीपुळ्याला लागूनच. माहेर आचरे, मालवण तालुक्यातलं. त्यामुळे मुंबई-पुण्याकडचे लोक ज्याला 'कोकण टूरचा तिसरा दिवस' म्हणतात, तो माझा माहेरचा रस्ता आहे. लग्नानंतर एसटी, रेल्वे, भाड्याची गाडी, दिराची बाईक, असं सगळं करून झालंय. कडेवर पोर घेऊन गेलेय आणि सत्तरीच्या सासूबाईंना घेऊनही गेलेय.

आमच्याकडे पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. सकाळी घावन खाता खाता कुणीतरी विचारतंच, "वहिनी, इथून मालवणला कसं जायचं?" समोर मोबाइलवर नकाशा उघडलेला असतो. त्यात दोनशेच्या आसपास किलोमीटर आणि साडेचार-पाच तास असं काहीतरी दिसत असतं. मी उलट विचारते: बरोबर कोण कोण आहे? बॅगा किती? आणि मालवणात म्हणजे नक्की कुठे उतरणार आहात?

हे विचारण्याचं कारण असं की या प्रवासाचा मधला भाग सोपा आहे. रत्नागिरी ते कणकवली-कुडाळ रेल्वे आहे, महामार्ग आहे, एसटी आहे. वेळ, पैसा आणि डोकं जातं ते टोकांना. गणपतीपुळ्याला रेल्वे नाही, मालवणलाही नाही. पुळ्याहून रत्नागिरी स्टेशन गाठायला तास-सव्वा तास, तिकडे कुडाळहून मालवणला तास, आणि मधली गाडी दोन-अडीच तासांची. म्हणून गाडी निवडताना आधी टोकं सोडवायची.

रेल्वेचं आधी सांगते, कारण म्हातारी माणसं किंवा गाडी लागणारी मुलं बरोबर असतील तर मी दुसरं काही सुचवतच नाही.

रत्नागिरी स्टेशन गावात नाही. ते कुवारबावला, कोल्हापूर रस्त्यावर आहे. पुळ्याहून एसटीने गेलात तर तुम्ही शहरात उतरता आणि तिथून पुन्हा रिक्षा किंवा शहर बस करून स्टेशन गाठावं लागतं. रिक्षा किंवा गाडी केली असेल तर दोन रस्ते आहेत. आरे-वारेवरून किनाऱ्याने जवळ पडतं आणि देखणंही आहे, पण शनिवार-रविवारी आरे-वारेच्या वळणांवर लोक गाड्या वाटेल तिथे लावून फोटो काढत असतात. त्या दिवशी ट्रेन गाठायची असेल तर चाफे-निवळीवरून महामार्गाला लागा आणि हातखंब्याला वळा. शहरात न शिरता स्टेशन येतं. अंतर जास्त, पण भरवशाचं.

गाड्यांचं म्हणाल तर दिवसा जाण्यासारख्या तीन. जनशताब्दी आणि वंदे भारत या दोन्ही पहाटे मुंबईहून निघतात आणि सकाळी दहा-अकराच्या सुमारास रत्नागिरीला येतात. मांडवी दुपारची. पुळ्यात सकाळी देवदर्शन करून निघणाऱ्यांना मांडवी सोयीची, पण मालवणला पोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि तो दिवस गेलाच म्हणायचा. माझी पसंती जनशताब्दीला, कारण ती कणकवलीला थांबते तशी कुडाळलाही थांबते. वंदे भारत कुडाळला थांबत नाही, कणकवलीला थांबते, आणि शुक्रवारी नसते. पावसाळ्यात तर आठवड्यातून तीनच दिवस धावते.

कुडाळ की कणकवली, हे तुमच्या हॉटेलवर ठरवा. तारकर्ली किंवा देवबागला उतरणार असाल तर कुडाळ. तिथून नेरूरपारचा पूल, धामापूर, चौके असा छान सावलीचा रस्ता आहे. मालवण गावातच राहणार असाल तर दोन्ही चालतील. आणि आमच्या बाजूला, म्हणजे आचरे, तोंडवळी किंवा वर कुणकेश्वर-मिठबावला राहणार असाल तर कुडाळला अजिबात जाऊ नका. कणकवलीला उतरा, तिथून आचऱ्याला सरळ रस्ता आहे.

एक ठिकाण मात्र मुद्दाम सांगते, कारण दर हंगामात कुणीतरी त्याचं तिकीट काढून येतंच: सिंधुदुर्ग स्टेशन. नाव वाचून लोकांना वाटतं, उतरलं की समोर किल्ला. ते स्टेशन ओरोसला आहे, जिल्ह्याची कचेरी आहे तिथे. किल्ला राहिला तीसेक किलोमीटर लांब, मालवणच्या समुद्रात. बऱ्याच गाड्या तिथे थांबतही नाहीत आणि रिक्षाही कुडाळइतक्या मिळत नाहीत. तसंच सिंधुदुर्ग विमानतळाचं. तो चिपीला आहे, 2021 मध्ये सुरू झाला, पण आपल्या या प्रवासात त्याचा काही उपयोग नाही. रत्नागिरीहून तिथे विमान नाही.

तिकीट न मिळाल्यानं घाबरू नका. एवढ्या अंतराला स्लीपरच हवा असं काही नाही. जनशताब्दीत बसायच्या आरक्षित जागा असतात, आणि चार्ट लागल्यावर करंट बुकिंगमध्ये पुष्कळदा मिळून जातात, कारण रत्नागिरीला बरीच माणसं उतरतात. मांडवीला जनरलचं तिकीट काढूनही जाता येतं. गणपती आणि मे महिना सोडला तर रत्नागिरीच्या पुढे उभं राहावं लागत नाही. मांडवीत खायला मात्र भरपूर येतं. मुलं असतील तर सुट्टे पैसे तयार ठेवा.

आणि हो, कोकण रेल्वेतून समुद्र दिसेल म्हणून खिडकीसाठी भांडू नका. या पट्ट्यात समुद्र दिसत नाही. दिसतात ते बोगदे, जांभ्याचे कापलेले डोंगर आणि नद्या. रत्नागिरी सोडल्यावर थोड्याच वेळात पानवलचा पूल येतो, 64 मीटर उंच. त्यावरून गाडी जाताना खाली बघितलं की माझ्या सासूबाई अजून रामरक्षा म्हणतात.

आता किनाऱ्याचा रस्ता. स्वतःची गाडी असेल, चालवणारा दमदार असेल आणि पूर्ण दिवस हातात असेल तर हाच घ्या. पण तो 'जाण्याचा' रस्ता समजू नका. त्या दिवशी तुम्ही मालवणला जात नाही, तुम्ही किनारा बघता आणि रात्री योगायोगाने मालवणला असता.

सकाळी सातला पुळं सोडा. आरे-वारेवरून रत्नागिरी, तिथे टाकी भरून घ्या. पुढे पंप आहेत, पण विरळ. भाट्याचा पूल ओलांडला की पावस. तिथे स्वामी स्वरूपानंदांच्या मठात दुपारी खिचडीचा प्रसाद असतो. पण तुम्ही दुपारपर्यंत तिथेच असाल तर तुमचं वेळेचं गणित चुकलंय. मग पूर्णगड. किल्ला लहान आहे, अर्ध्या तासात होतो आणि वरून नदीचं मुख दिसतं. पुढे मुचकुंदीवरचा पूल, गावखडीची सुरूची बनं आणि मग कशेळी. कनकादित्याचं देऊळ तर बघाच, पण वेळ असेल तर कशेळीच्या सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळी पठारावरचं, हत्तीचं कातळशिल्पही विचारून घ्या. उघड्या कातळात कोरलेला इतका मोठा हत्ती आहे की जवळ उभं राहून तो पुरता दिसतच नाही. कडेने फिरत फिरत समजून घ्यावा लागतो. गावातला माणूस बरोबर असलेला बरा, नाहीतर त्यावरूनच चालत जाल.

आडिवऱ्याची महाकाली, मग नाटे, जैतापूरचा पूल, मिठगवाणे. इथवर आलात की रस्त्याची तऱ्हा लक्षात येते: खाडीला उतरायचं, पूल ओलांडायचा, वळणं घेत सड्यावर चढायचं, सड्यावर सरळ पळायचं, पुन्हा उतरायचं. ज्यांना गाडी लागते त्यांचे इथेच हाल होतात. आवळासुपारी ठेवा, भरल्या पोटी निघू नका आणि मुलांना मोबाइल बघू देऊ नका.

वाघोटणचा पूल ओलांडला की सिंधुदुर्ग जिल्हा. मग पडेल कॅन्टीन. हे खरंच स्टॉपचं नाव आहे, एसटीच्या पाटीवरही तसंच लिहितात. इथे ठरवायचं: विजयदुर्ग करायचा की सोडायचा? तो मुख्य रस्त्यावर नाही. फाट्यावरून आत जाऊन त्याच रस्त्याने परत यावं लागतं, आणि किल्ला नीट बघायला दोन तास हवेत. दुपारचे दोन वाजून गेले असतील तर सोडा, असं माझं मत. लोक रागावतात, इतक्या जवळ येऊन सोडायचा का म्हणतात. पण विजयदुर्ग घाईत बघण्याचा किल्ला नाही, आणि तो उरकून निघालात तर देवगडनंतरचा रस्ता अंधारात करावा लागतो. तो अंधारात करू नका. दिवे नाहीत, गुरं रस्त्यावर बसलेली असतात, आणि वळणावर समोरून येणारा डंपर शेवटच्या क्षणी दिसतो.

जामसंडे, देवगड, मग तारामुंबरीचा पूल ओलांडून कुणकेश्वर. मे महिना असेल तर देवगडला हापूस रस्त्यावर मिळतोच, पण पेटी बागेतून घ्या. रस्त्यावरच्या पेटीत खाली काय आहे ते घरी गेल्यावर कळतं. कुणकेश्वरला देऊळ अगदी समुद्राला लागून आहे. इथे चहा घ्या आणि उरलेलं अंतर दिवस मावळायच्या आत करा: मिठबाव, आचरे, कोळंबचा पूल, मालवण. आचऱ्याचं रामेश्वराचं देऊळ वाटेतच आहे. माझं गाव म्हणून नाही सांगत, पण बघा. आमच्याकडे काही वर्षांनी गावपळण असते. देवाचा कौल घेऊन सगळा गाव तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो, गुरंढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसकट. त्या दिवसांत आलात तर गावात चहा मिळणार नाही, वेशीबाहेरच्या झोपड्यांतून मात्र भरपूर मिळेल.

या रस्त्यासाठी नकाशालाही थोडं दामटावं लागतं. त्याला नुसतं 'मालवण' सांगितलंत तर तो तुम्हाला सारखा महामार्गाकडे ओढणार, कारण तिकडून लवकर पोचता येतं. पावस, जैतापूर, देवगड, कुणकेश्वर असे थांबे घालून द्या आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा. खाडीच्या उतारांवर रेंज जाते.

बाईकवाल्यांना हा रस्ता फार आवडतो, सायकलवालेही हिवाळ्यात पुष्कळ दिसतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी ठीक. मार्चनंतर सड्यावर सावली नावाला नसते. मालवणात भाड्याने स्कूटर मिळते, पण ती तिथल्या तिथे फिरायला. पुळ्याहून घेऊन मालवणला सोडायची असली सोय नाही.

महामार्गाबद्दल थोडक्यात. पुळं-निवळी-हातखंबा-लांजा-राजापूर-कणकवली-कसाल आणि तिथून कट्ट्यावरून मालवण. राजापूरच्या पुढे, सिंधुदुर्ग जिल्ह्यात, रस्ता झकास आहे. अलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या चौपदरीकरणानं मात्र वर्षानुवर्षं लोकांचा अंत पाहिलाय. निघायच्या आदल्या दिवशी लांजा-हातखंब्याचं काय चाललंय ते कुणा ड्रायव्हरला विचारा. नकाशावर ट्रॅफिकची लाल रेघ दिसते, खड्डे दिसत नाहीत. हातखंब्याचा उतार जपून उतरा, तिथे अपघात होतात.

भाड्याची गाडी करणार असाल तर भाव ठरवताना हे लक्षात ठेवा की तुम्ही एकाच दिशेने जात असलात तरी ड्रायव्हरला रिकामी गाडी परत आणायची असते. त्यामुळे पैसे जाऊन-येऊनचे लागतात. तो लुबाडत नाहीये. विचारायचं ते असं: किलोमीटरचा दर किती, दिवसाचे कमीत कमी किती किलोमीटर धरता, ड्रायव्हरचा भत्ता आणि पार्किंग त्यात आहे का, आणि वाटेत देवगड-कुणकेश्वर केलं तर वेगळे पैसे का? हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. चार-पाच माणसं असतील तर गाडी परवडते. दोघंच असाल तर रेल्वेच्या दोन्ही टोकांना रिक्षा केली तरी स्वस्त पडते. एक युक्ती सांगते: मालवण-कुडाळकडची गाडी पाहुणे सोडायला रत्नागिरीला आली असेल तर ती परत जाणारच असते. तुमच्या मालवणच्या हॉटेलवाल्याला आदल्या दिवशी फोन करून विचारा. मिळाली तर निम्म्यात काम होतं.

एसटी. माझी आवडती, पण सगळ्यांना नाही सांगत. महाराष्ट्रात बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी उलटलेल्यांना फुकट आणि पासष्ट ते पंच्याहत्तरला अर्धं. आधार कार्ड जवळ ठेवा, फोटोवर कंडक्टर ऐकेलच असं नाही. चार जणी मैत्रिणी निघाल्या असतील तर याहून स्वस्त काही नाही. पुळ्याहून रत्नागिरीला गाड्या भरपूर. रत्नागिरीत मुख्य स्टँड आणि रहाटाघर अशी दोन ठिकाणं आहेत, तेव्हा पुढची गाडी कुठून सुटते हे उतरायच्या आधीच कंडक्टरला विचारा. थेट मालवण गाड्या मोजक्या. त्यांची वाट बघत बसण्यापेक्षा कणकवली किंवा कुडाळ, सावंतवाडीकडे जाणारी जी गाडी आधी लागेल तिच्यात बसा आणि कणकवलीला बदला. कणकवलीहून मालवणला गाड्या मिळतात. शेवटची किती वाजता हे मात्र चौकशी खिडकीवर विचारून ठेवा. पुढे आणखी तीन-चार गावं फिरायची असतील तर एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास चार आणि सात दिवसांचा मिळतो. नुसत्या या एका प्रवासासाठी घेऊ नका.

मोठ्या बॅगा असतील तर एसटी नको. दोनदा गाडी बदलायची, आणि दोन्ही वेळा बॅगा तुम्हालाच उचलायच्या. मुंबईहून मालवणला येणाऱ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सही हातखंब्याला अवेळी येतात, त्यांच्या नादी लागू नका. आणि बोट? कुणी तरी विचारतंच. माझ्या आजीच्या काळी आगबोट होती, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरं घेत जायची, आणि बोट बाहेर उभी करून पडावातून माणसं किनाऱ्याला आणायचे. ती केव्हाच बंद झाली.

दिवस कोणता, हेही बघा. अंगारकी असेल तर त्या दिवशी पुळ्यातून दुपारी निघायचा बेत करू नका. पहाटे निघा नाहीतर दुसऱ्या दिवशी. गणपतीत चतुर्थीच्या आधी मुंबईहून येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. गौरी-विसर्जनानंतर चाकरमानी परत जायला लागले की मुंबईकडच्या गाड्या तुडुंब आणि मालवणकडे जाणाऱ्या रिकाम्या. तुम्हाला दक्षिणेकडेच जायचंय, तेव्हा तो आठवडा साधा. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आंगणेवाडीची जत्रा असते. तिची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते, त्यामुळे दरवर्षी वेगळी. बातम्यांत येते. त्या दोन दिवसांत मालवणच्या बाजूला खोली, रिक्षा, रस्ता, काहीच मोकळं नसतं. जत्रेलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी, मग गर्दीत आनंदाने जा.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच बदलतं. गाड्या हळू चालवतात आणि वेळा पुढे-मागे होतात, म्हणून जुना स्क्रीनशॉट बघून निघू नका. किनाऱ्याचा रस्ता पावसात हिरवागार दिसतो, पण धुकं सड्यावर उतरलं की दहा हातांवरचं दिसत नाही. आणि मालवणात त्या दिवसांत किल्ल्याची होडी, स्कूबा वगैरे बंद. नुसता पाऊस बघायला आणि सोलकढी प्यायला जाणार असाल तर रेल्वेने जा.

उलट, मालवणहून पुळ्याला येणाऱ्यांसाठी: सकाळी कुडाळहून मांडवी घ्या, दुपारी रत्नागिरीत असता आणि पुळ्याची एसटी आरामात मिळते. दुपारच्या जनशताब्दी-वंदे भारतने आलात तर रत्नागिरीलाच संध्याकाळ होते, मग रिक्षाच करावी लागते. ती करणार असाल तर रिक्षावाल्याला सांगा निवळीवरून नको, आरे-वारेवरून चल. त्या वेळी फोटोवाले घरी गेलेले असतात.